तिसरा भोपळा

"खुबा बदलला की चालशील, जिना चढशील. पण मांडी घालणं, उकिडवं बसणं कायमचं बंद," डॉक्टरांनी रणजितला बजावलं होतं. मिरजेत तंबोरे घडतात ते जमिनीवर बसूनच. भोपळा दोन्ही पावलांत धरायचा आणि तासायचा. एकोणतिसाव्या वर्षी तेच सुटलं, तर करायचं काय? त्याने ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं. अण्णा, त्याचे वडील आणि गुरूही, यावर चकार शब्द बोलले नव्हते.

आज तो लंगडत जरा लवकरच कारखान्यात आला आणि दारातच थबकला. चाळीस वर्षं जमिनीवर बसून काम केलेले अण्णा चक्क खुर्चीवर होते. समोर टेबलावर, जुन्या टायरमध्ये टेकवलेला भोपळा. पटाशी सारखी घसरत होती. पायाशी दोन भोपळे तडकून पडले होते.

"अण्णा, हे काय? तुमचे सांधे तर ठणठणीत आहेत."

"माझे आहेत रे," मान वर न करता अण्णा म्हणाले. "पण खुर्चीवरून तासायचं कसं, हे मलाच आलं नाही तर तुला शिकवणार कोण? तू तारीख घे. तोवर माझा हात बसेल."

रणजितने कोपऱ्यातली दुसरी खुर्ची ओढली आणि डगमगणारा भोपळा दोन्ही हातांनी घट्ट धरला.