बारवेतलं भुयार

"यंदाची उत्कृष्ट नटी?" त्रिंबकनं विचारलं.

"ती घोड्यावरची," म्हाळसाबाई म्हणाली आणि रिकामा हंडा पायानं पुढं सरकवला.

टँकरच्या रांगेतला हा नवराबायकोचा खेळ. जुन्या मूकपटांना आपसात बक्षिसं वाटायची. त्र्याहत्तरचा उन्हाळा; शहरात कारखाने उभे राहायलेत आणि पाणी तिसऱ्या दिवशी! माणसानं करावं काय? शिवाय त्रिंबकला अधिकार होता. तरुणपणी तंबूत पडद्याशेजारी उभं राहून, पडद्यावर येणाऱ्या पाट्या वाचून लोकांना गोष्ट सांगणारा तोच. पिशोरच्या जत्रेत म्हाळसाबाईनं त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेही तिथंच.

"आन् उत्कृष्ट गोष्ट?"

"दरसालचीच. बारवेची."

सासुरवासाला कंटाळलेली सून घागर घेऊन बारवेत उतरते, तिथं तिला भुयार सापडतं, ते थेट माहेरी निघतं. अशी ती गोष्ट.

पुढं उभे असलेले शेजारचे रामहरी गुरुजी वळले. "अवो मामा, तोच सिनेमा रविवारी कॉलेजात हाये! जुनी रिळं सापडलीत. चला, मामींला पाट्या मी वाचून दाखवतो."

त्रिंबकनं हंडा उगाच सरळ केला. खरं सांगायचं तर या गड्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं. चित्र बघायचं आणि ठोकून द्यायचं! बायकोही शाळेचं तोंड न पाहिलेली, म्हणून चाळीस वर्षं झाकून राहिलं. आता तिच्या नजरेतून उतरायची वेळ आली.

"रविवारी माझा गुडघा लई दुखणार हाये," तो म्हणाला.

"रविवारचा गुडघा आजच कळला व्हय?" म्हाळसाबाई हसली. तिनं त्याला नेलंच.

पडद्यावर सून पायऱ्या उतरली. वर आलीच नाही. नुसती घागर तरंगली आणि पाटी आली. म्हाळसाबाईचे ओठ हलले. देवाचं नाव घेत असेल, असं त्रिंबकला वाटलं.

गुरुजी खाकरले. "मामी, इथं तर..."

"गुरुजी, तुमी गप ऱ्हावा. ह्यांना सांगू द्या."

त्रिंबकनं पडद्याकडं बोट केलं. "पोरीला भुयार घावलं," तो कसाबसा म्हणाला. "माय दारात वाट बघत व्हती."

म्हाळसाबाईनं पदरानं डोळे पुसले. "उत्कृष्ट गोष्ट. हीच."

मग ती त्याच्या कानाशी वाकली.

"पिशोरातबी पाटीवर 'बुडून मेली' असंच व्हतं. भावाच्या पुस्तकावर शिकले व्हते मी, वाचलं. त्याच दिवशी मायला सांगितलं, लगीन करीन तर ह्याच लबाडासंग."