धुक्यातली मैफल

“या भिंतीवर बँडचा फोटो लागणार नाही. मी असेपर्यंत तरी नाही,” नाना म्हणाले आणि त्यांनी काठी फरशीवर आपटली.

शिडीवरच्या सुताराने हातातला खिळा ओठांत धरला आणि काम थांबवलं. म्हाताऱ्यांच्या भांडणात आपण पडायचं नाही, हे त्याने कधीच ठरवून टाकलं होतं.

पलटणीच्या जुन्या बराकीत आठवणींचं दालन होत होतं. उद्या उद्घाटन. कोणता फोटो कुठे लावायचा, हे ठरवणाऱ्या समितीचे नाना अध्यक्ष होते. लढाईत त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता, पण पलटणीचं नाव निघालं की मान अशी ताठ व्हायची, की त्यांची मुलगी म्हणायची, “नाना, तुमचा लाकडी पायसुद्धा सावधान होतो!”

फक्त बँडचं नाव काढायचं नाही. काढलं की नाना बिथरायचे.

त्याला कारण होतं. ती माघारीची सकाळ नानांच्या मनातून चाळीस वर्षांत गेली नव्हती. समोर टेकडीवर शत्रू, मागे नदी आणि नदीवर एकच पूल. धुकं इतकं दाट, की हातभर अंतरावरचा माणूस दिसेना. हुकूम आला, गुपचूप पूल ओलांडा. शिपायांनी बुटांना गोणपाट गुंडाळलं. नाना स्ट्रेचरवर होते. कण्हण्याचा आवाज होऊ नये म्हणून त्यांच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबला होता. लढाईत जखमींना उचलणं हे खरं तर बँडवाल्यांचं काम. त्या दिवशी नानांना उचललं दोन आचाऱ्यांनी.

आणि मागे, छावणीच्या मैदानात, बँड वाजत होता! लग्नाच्या वरातीत वाजवाव्यात तशा धुना. टाळ्या, शिट्ट्या, हशा. आपला जीव कंठाशी आलाय आणि इथे कुणाची तरी करमणूक चाललीय, या विचाराने नानांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पायाच्या कळांनी आलं नव्हतं.

बँड त्याच दिवशी शत्रूच्या हाती सापडला. दोन वर्षं कैदेत होता. “गाण्याच्या नादात पकडले गेले,” नाना सांगायचे. बँड मागे का राहिला होता, हे विचारायला पलटणीचे मोठे साहेबही उरले नव्हते. ते त्याच दुपारी पुलाच्या तोंडाशी पडले.

“नाना, रागावू नका,” मुलगी दारातून म्हणाली. “मी बँडमधल्या एकांना पत्र टाकलं होतं. ते आलेत.”

तिच्या मागून एक बारकेला म्हातारा आत आला. कडक इस्त्रीचा कोट, चकचकीत बूट. बगलेत कापडात गुंडाळलेली फ्रेम.

“मी ट्रम्पेटवाला,” तो म्हणाला. “भिंतीसाठी फोटो आणलाय. तुम्ही?”

“मी समितीचा,” नाना म्हणाले. बाकी काही सांगितलं नाही. समोरच्याला आधी बोलू द्यावं, मग धरावं, असा त्यांचा विचार. “बसा. तुमच्या बँडचा सगळ्यात मोठा कार्यक्रम कुठला?”

“धुक्यातला!” म्हाताऱ्याने क्षणभरही विचार केला नाही. “आम्ही पाहुण्या राजांपुढे वाजवलं, भरल्या मैदानात वाजवलं. पण त्याची सर कशालाच नाही. मी नातवंडांनाही तोच सांगतो.”

नानांची बोटं काठीवर आवळली. “किती वेळ वाजवलंत?”

“सव्वातीन तास. ओठ फुटले, रक्त यायला लागलं, पण थांबलो नाही. धून संपली की टाळ्यांचा पाऊस. ‘आणखी एक! आणखी एक!’ मध्येच ढोलवाला विनोद सांगायचा. हसून हसून मुरकुंडी वळायची.” म्हातारा छाती पुढे काढून बसला होता.

“आणि त्याच वेळी पुलावरून जखमी चालले होते, हे माहीत होतं?”

“माहीत होतं की.”

“लाज नाही वाटली?” नाना ताडकन उठले. मुलगी पुढे धावली, तिला त्यांनी हातानेच अडवलं. “मी होतो त्या स्ट्रेचरवर! तोंडात बोळा घेऊन! तुमच्या टाळ्या मला पुलापर्यंत ऐकू येत होत्या. चाळीस वर्षं ऐकू येताहेत!”

म्हातारा नानांच्या पायाकडे बघत राहिला. चिडला नाही. उलट त्याचा चेहरा एकदम उजळला.

“पोचलात तुम्ही,” तो हळूच म्हणाला. “सगळे पोचले का हो? आम्हाला कुणी नीट सांगितलंच नाही कधी.”

“सगळे. एकशे चाळीस जखमी, एकही मागे राहिला नाही. पण विषय बदलू नका.” नानांनी काठी त्याच्याकडे रोखली. “त्या मैदानात बसून टाळ्या पिटणारे, शिट्ट्या मारणारे कोण होते, तेवढं सांगा. मला त्यांची नावं हवीत.”

शिडीवरचा सुतारही वाकून ऐकत होता.

“आम्हीच,” ट्रम्पेटवाला म्हणाला. “वाजवायचेही आम्ही आणि टाळ्याही आमच्याच. समोर चिटपाखरू नव्हतं. शेवटचं स्ट्रेचर पुलापार जाईपर्यंत टेकडीवरच्यांना वाटलं पाहिजे, की सगळी पलटण इथे गाणी ऐकत बसलीय, एवढाच हुकूम होता साहेबांचा.”