निळ्या फितीची चप्पल

"पोहे आमच्या शलाकानंच केलेत," बाहेर सावत्र आई पाहुण्यांना सांगत होती. मी स्वयंपाकघरात उलथनं धरून उभी होते. शलाकाला बघायला आलेली माणसं जाईपर्यंत पडद्याबाहेर यायचं नाही, असं तिनं मला सकाळीच बजावलं होतं.

मुलगा "छान झालेत" म्हणाला. हा आवाज ओळखीचा होता. काल एसटी स्टँडवर माझ्या चपलेचा पट्टा तुटला, तेव्हा यानंच गळ्यातल्या आयकार्डाची निळी फीत काढून तो बांधून दिला होता. नाव विचारायच्या आत माझी गाडी आली.

"मग, होकार समजायचा ना?" त्याच्या काकांनी विचारलं.

मुलानं बशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"त्याआधी एक विचारतो," तो म्हणाला. "दारात निळ्या फितीनं बांधलेली चप्पल आहे. ती कुणाची?"

"कामवालीची," सावत्र आई झटकन म्हणाली.

बाबा तिथंच बसले होते. ते काही बोलतील म्हणून मी थांबले. ते पोहे खात राहिले.

मी उलथनं ठेवलं आणि पडदा बाजूला सारला.

"चप्पल माझी आहे," मी म्हटलं. "आणि पोहेही."