रिकामी गाडी

थोरल्या लेकीला जुळं झालं त्या वर्षी एका सकाळी काटेवाले बाथरूमच्या दारात, मांजर छातीशी धरून, वजनकाट्यावर उभे होते. खालचा आकडा त्यांना दिसत नव्हता, कारण मध्ये मांजर होती.

"किती?" त्यांनी बायकोला विचारलं.

"सहासष्ट."

"म्हणजे मांजर दोन किलो! तीन महिन्यांत निम्मीसुद्धा उरली नाही."

काटेवाल्यांनी ट्रक तोलायच्या काट्यावर अडतीस वर्षं काढली होती. हिशेब सोपा होता. जुळ्यांसाठी हा काटा घरात आला, त्या दिवशी ते एकटे त्यावर उभे राहिले होते. चौसष्ट. निवृत्तीच्या दिवशीही चौसष्टच होते. याचा त्यांना एवढा अभिमान, की तो आकडा पुन्हा तपासायची गरजच वाटली नाही. एकूण वजनातून चौसष्ट वजा केले, की उरली ती मांजर.

तेरा वर्षांची मांजर. तिला झालंय काय ते कळेना. काटेवाले आपल्या वाटचं अंडं तिच्यापुढे ठेवू लागले, मग दूध. ती वास घेऊन निघून जायची.

"बघ, अन्नावरची वासना उडाली," ते म्हणायचे.

"दिवसातून पाच वेळा ताट समोर आलं, तर माझीही उडेल," बायको म्हणाली. "अहो, उचलून तरी बघा. दोन किलो बटाटे बाजारातून मीच आणते. ही दोन किलो आहे?"

"हाताला माया असते. काट्याला नसते."

बायको मान हलवत स्वयंपाकघरात गेली. काटेवाल्यांना बरं वाटलं. ते पुन्हा पाणी प्यायला उठले. हल्ली तहान फार लागायची. काळजीनेच, दुसरं काय. कमरेचा पट्टाही जुना होऊन ताणला गेला होता. त्याला खिळ्याने आणखी एक भोक पाडून ते मांजर पिशवीत घालून दवाखान्यात निघाले.

जनावरांची डॉक्टर त्यांच्या लेकीपेक्षा लहान होती. तिने मांजर टेबलावरच्या काट्यावर ठेवली.

"साडेचार किलो. छान आहे की!"

"तुमचा काटा जास्त दाखवतोय," काटेवाले म्हणाले. "तपासून घ्या. अडतीस वर्षं याच कामात होतो मी."

"घरी कशी तोलता, काका?"

त्यांनी सांगितलं. सावकाश, नवशिक्याला सांगावं तसं. भरलेली गाडी, वजा रिकामी गाडी.

डॉक्टर मांजरीच्या कानामागे खाजवत होती. "आणि रिकामी गाडी शेवटची कधी तोललीत?"

नेमक्या याच गोष्टीवरून काटेवाल्यांनी शेकडो ड्रायव्हरांशी भांडणं केली होती. गाडी तीच आहे, कालच तर तोलली, असं कुणी म्हटलं की ते खिडकीतून ओरडायचे, "दर वेळी तोलायची! टाकीतलं डिझेल संपलं तरी फरक पडतो!"

कोपऱ्यात मोठ्या कुत्र्यांचा काटा होता. ते त्यावर चढले. साडेएकसष्ट.

"काका," डॉक्टर म्हणाली, "तुम्ही आजच्या आज माणसांच्या डॉक्टरकडे जा."

साखर निघाली, चारशेच्या घरात. गोळ्या सुरू झाल्या, तहान गेली, पट्ट्याचं नवं भोक बिनकामाचं झालं. बायकोने ही हकिकत नातेवाइकांत वर्षभर पुरवून पुरवून सांगितली. सर्वांत मोठ्याने काटेवालेच हसायचे. "मी कुठला तिला नेतोय," ते म्हणायचे, "तिनेच मला पिशवीतून दवाखान्यात नेलं."

सहा वर्षांनी आकडा पुन्हा घसरू लागला. या वेळी काटेवाले आधी एकटे उभे राहिले. चौसष्ट. उतरले, पुन्हा चढले. चौसष्ट. तिसऱ्यांदाही चढले, कमी झालेले आपणच निघावं म्हणून. बायको दारात उभी होती.

मांजर गेली ती जुळी पहिलीत गेली त्या वर्षी, एका मंगळवारी सकाळी. वजन दोन किलो. या वेळी हिशेब बरोबर होता.