पाटीवरचा मुसाफिर

तळोद्याच्या लॉजच्या पाटीवर झाडाखालून बंद दाराकडे निघालेला पाठमोरा मुसाफिर होता. शब्बीर पेंटर दरवर्षी जुन्या रेघांवरूनच ब्रश फिरवायचा, नवी रेघ कधी ओढायचा नाही. या दिवाळीआधी मात्र मुसाफिराचा हात थेट कडीवर दिसला.

“अमृतभाऊ, हाऊ तं झाडखाले उभा होता ना?”

“तूच तं रंगावस दरसाल,” लॉजमालक हसला.

शब्बीरने चिडून अख्ख्या मुसाफिरावर पांढरा रंग फासला आणि चहाला गेला. परतला तेव्हा पाटीवर पांढरं काहीच नव्हतं. नुसतं झाड आणि दार होतं.

वरच्या मजल्यावरून अमृतच्या बायकोची हाक आली, “मयूरीना बाप, हाई खोली तं रिकामी शे ना? मंग दार आतून कोणी लायं? आनि कडीले हाऊ वल्ला पांढरा रंग कसाना?”