दोन बोटं

“आणखी थोडं उघडा. दुखलं की थांबा.”

सून थांबली. उघडलेल्या तोंडात तिची स्वतःची दोन बोटं जेमतेम मावत होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्या कानांपुढे दोन्हीकडे बोटं टेकवली आणि तोंड उघडमीट करायला सांगितलं. उजवीकडे काहीतरी टक् करून सरकलं.

“कान ठणठणीत आहे तुमचा. दुखतं कानात, पण दुखणं जबड्याच्या सांध्याचं. सांधा दमलाय, आजूबाजूचे स्नायू त्याहून दमलेत. काम काय करता?”

“वाचनालयात असते. दिवसभर तोंडाला कुलूप.”

“मग एवढं तोंड उघडून बोलता तरी कोणाशी?”

“सासूबाईंशी.”

सासूबाईंचे कान अकरा वर्षांपूर्वी एका तापात गेले होते. तेव्हापासून त्या ओठ वाचत, आणि सून एकेक शब्द ताणून, मोठा आ करून त्यांच्याशी बोले. नवऱ्याला ते कधी जमलंच नाही. तो पडला ओठातल्या ओठात पुटपुटणारा.

“त्यांनीच पाठवलं मला,” सून म्हणाली. “मी घरात अवाक्षर काढलं नव्हतं. म्हणाल्या, उजवीकडे अडकतंय गं तुझं, दाखवून ये.”

“कमाल आहे. मलासुद्धा बोट ठेवल्यावर समजलं. आणि त्यांना तर ऐकू येत नाही.”

“सुनेचं कुठे काय चुकतंय ते सासूला नाही कळणार, तर कोणाला?”

दोघी हसल्या. सुनेला हसतानाही कळ आली.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मऊ खायचं, शेक घ्यायचा, ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवायचे. दोन बोटांपलीकडे तोंड उघडायचं नाही. “नाहीतर एक दिवस जांभई द्याल आणि जबडा अडकून बसेल. सासूबाईंशी लिहून बोला.”

सांगायला काय जातंय! सून रस्ताभर तोच विचार करत होती. आपण बोलणं बंद केलं तर त्या माउलीला उरलं कोण? वर्तमानपत्रात आता काही राम राहिला नाही म्हणून त्यांनी ते सोडलं होतं. बोटांना कंटाळा आला म्हणून विणकामही सोडलं होतं. दोन वर्षं झाली, खिडकीजवळची खुर्ची आणि संध्याकाळी सुनेच्या गप्पा, एवढंच काय ते त्यांचं जग.

तरी तिने पाटी आणली. हलकी, पांढरी, दोन्ही बाजूंनी लिहिता येणारी, सोबत काळं पेन.

सून समोर बसल्याबरोबर सासूबाईंनी नेहमीसारखा तिच्या गालावर हात ठेवला. अंगठा ओठांशी, दोन बोटं कानापुढे. ही त्यांची जुनी लाडाची सवय. शेजारणी म्हणत, अशी सासू मिळायला नशीब लागतं. नवरा कुरकुरे, “माझ्या गालाला कधी हात लावत नाही ती.” त्यावर सासूबाईंचं ठरलेलं उत्तर होतं. दाढी टोचते तुझी.

सुनेने पाटीवर लिहिलं आणि ती त्यांच्या मांडीवर ठेवली. सासूबाईंनी दुसऱ्या हाताने पाटीच्या कडा चाचपल्या.

“हे काय, शाळेत घालतेस की काय मला या वयात?” त्यांनी पाटी मांडीवरून खाली ठेवली. “मला नको ही. तू बोल.”

“आई, दुखतंय हो मला.”

“माहितेय गं. म्हणून तर धाडलं ना तुला? हळू बोल. एवढा आ कशाला करतेस, मला कळतं तसंही. पण बोल.”

म्हणे मला कळतं! सुनेला पटलं नाही. लहान तोंडाने बोलायचं आणि त्यांना अर्धंमुर्धं कळायचं, हे तिला सहन होईना. दोन दिवसांत तिचा आ पुन्हा होता तेवढा झाला. पाटी हातात दिली की सासूबाई ती खाली ठेवत, किंवा नुसतं गोड हसून विषय बदलत. हळूहळू सुनेच्या मनात एक गोष्ट घर करू लागली. यांना माझं दुखणं दिसत नाही असं नाही, यांना त्याचं काही वाटतच नाही.

तिसऱ्या आठवड्यात जबडा अडकला.

वाचनालयात, भर दुपारी, साध्या जांभईने. पंधरा मिनिटं तोंड धड उघडेना की मिटेना. पुस्तक बदलायला आलेल्या गृहस्थांना वाटलं, बाई आपल्याला वेडावून दाखवताहेत. डॉक्टरीणबाईंनी सांधा बसवला आणि या वेळी त्या हसल्या नाहीत. “आठवडाभर एक शब्दही नाही.”

सून घरी आली ती डोळ्यांत पाणी घेऊनच. सासूबाई खिडकीशी होत्या. चप्पल काढून ती समोर जाऊन बसली. गालाकडे येणारा हात तिने आयुष्यात पहिल्यांदा बाजूला केला. सासूबाई दचकल्या.

“काय झालं गं? बोल ना.”

सुनेने पाटी ओढली. राग अकरा वर्षांचा नव्हता, तीन आठवड्यांचाच होता, पण पेन कचाकचा चाललं.

‘तुमच्यापायी माझा जबडा गेला. मुद्दाम वाचत नाही तुम्ही. आई म्हणते मी तुम्हाला, काहीच कसं वाटत नाही?’

लिहून झालं. पुसून टाकावं असं एकदा वाटलं. मग तिने पाटी सरळ त्यांच्या हातात दिली.

या वेळी सासूबाईंनी ती ठेवून दिली नाही. दोन्ही हातांनी धरली, फिरवून खिडकीच्या उजेडात नीट उभी केली आणि चेहऱ्याजवळ नेली. बराच वेळ त्या पाहत राहिल्या. मग सासूबाईंचा चेहरा उजळला. मनापासून मान डोलावून त्या म्हणाल्या, “हो गं बाई, घेईन की चहा. अर्धाच कप कर.”

पाटीची कोरी बाजू त्यांच्याकडे होती. अक्षरं सुनेकडे.