चार गावांचे शिक्के

तिसरं पत्र शिवरामने खिडकीशी नेलं, भिंगाखाली धरलं आणि शिक्का वाचला. ठाणे. पहिलं टिटवाळ्याचं होतं, दुसरं कल्याणचं. मजकूर मात्र तोच आणि वेडंवाकडं अक्षरही तेच. ‘हे पत्र मिळताच अकरा जणांना असंच लिहा. लिहाल तर भरभराट. टाळाल तर घरात अनर्थ.’ खाली सही नव्हती.

“फाडू नका हो,” चंद्रभागा दारातून म्हणाली.

“फाडतोय कशाला? पुरावा आहे हा.”

शिवरामची तीस वर्षं आगगाडीच्या टपालडब्यात पत्रं निवडण्यात गेली होती. शिक्का पुसट असला तरी तो गाव ओळखायचा, आणि याचा त्याला भारी अभिमान होता. दिवाळीनंतर तो निवृत्त झाला आणि डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत त्याने खिडकीजवळची खुर्ची धरली, ती चार महिने सोडली नाही. दाढी आठवड्याने, जेवण नावाला. नोकरी संपल्यावर माणसाने बसायचंच असतं, त्यात कुणी नाक खुपसू नये, असं त्याचं ठाम मत होतं.

त्या खुर्चीतून त्याला उठवलं या पत्रांनी. पहिलं पत्र आलं आणि चंद्रभागेने हट्ट धरला.

“मला अकरा पत्रं लिहू द्या.”

“हे थोतांड मी तीस वर्षं वाहिलंय. माझ्या घरातून जाणार नाही.”

“मग लिहिणाऱ्याला शोधून आणा. सगळं खोटं आहे असं त्याने माझ्यासमोर म्हणू दे. तोवर मी दिवसा पाण्याशिवाय काही घेणार नाही.”

ती बोलली तशी वागलीही. आधीच तिला चक्कर यायची. तिला काही झालं तर, या धास्तीने तो रोज सकाळी चपला घालून बाहेर पडू लागला. स्वतः उपाशी असलेली बाई त्याला मात्र न चुकता चार पोळ्यांचा डबा बांधून द्यायची.

टिटवाळ्याला तो टपालपेटीपासून घरोघर हिंडला. हरिहर नावाच्या एका निवृत्त गुरुजींचं अक्षर त्याला संशयास्पद वाटलं. गुरुजींनी निमूटपणे फळीवरच्या जुन्या वह्या पुढे केल्या. अक्षर जुळलं नाही. “माझी मुलंसुद्धा माझी इतकी चौकशी करत नाहीत,” गुरुजी म्हणाले आणि वर चहा पाजला. कल्याणला त्याने एका ज्योतिषावर दोन दिवस पाळत ठेवली. ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोबाहेर ताईत विकणारी गोदूबाई त्याला पक्की गुन्हेगार वाटली. ती म्हणाली, “अरे बाबा, मला लिवता आलं असतं तर हितं बसले असते का?”

संध्याकाळी घरी आला की चंद्रभागा एवढंच विचारायची, “सापडला?”

“सापडेल.”

दर रविवारी नाथा यायचा. टपालडब्यात शिवरामच्या हाताखाली शिकलेला, अजून नोकरीत असलेला. तो पत्रं हातात घेऊन मान हलवायचा. “मानूस हुशार आहे भाऊ. गाव बदलतोय. तुम्ही सोडू नका त्याला.”

मग चौथं पत्र आलं. शिक्का वाशिंदचा.

त्या दिवशी शिवराम बाहेर पडला नाही. चारही पत्रं त्याने जमिनीवर ओळीने मांडली. गावांकडे पाहून पाहून तो थकला होता, म्हणून त्याने तारखा पाहिल्या. तीन, अकरा, एकोणीस, सत्तावीस. दर आठव्या दिवशी. आणि चारही स्टेशनं एकाच मार्गावर.

माणूस पत्र टाकतो ते आपल्याच गावच्या पेटीत, हे तो तीस वर्षं गृहीत धरत आला होता. गाडीबरोबर फिरणारा माणूस कुठल्याही स्टेशनात उतरून पेटीत पत्र टाकू शकतो, हे त्याला, गाडीबरोबर जन्म घालवलेल्याला, सुचलं नव्हतं. घाटाच्या गाडीवर दर आठव्या दिवशी कुणाची पाळी असते, तेही त्याला तोंडपाठ होतं. पाळ्यांचा तो तक्ता त्यानेच बसवला होता.

नाथा.

कधीतरी आपण साहेबांसमोर त्याला झापलं होतं. त्याचा हा सूड? आणि वर घरी येऊन चहा पितो. शिवरामने चंद्रभागेला काही सांगितलं नाही. तडक कल्याण गाठलं आणि नाथाचं दार वाजवलं.

“भाऊ? आधी कळवलं नाही ते?”

“चोराला कळवून येतात का?” शिवरामने चारही पत्रं त्याच्या पुढ्यात टाकली. “तारखा वाच. मग तुझी पाळी वाच.”

नाथाने वाचलं नाही. “मीच टाकलेली,” तो म्हणाला. “डाव्या हाताने लिवलेली.”

“माझी बायको महिनाभर दिवसाची उपाशी आहे. तिला काही झालं असतं म्हणजे?” शिवराम ओरडला. “मी तुला हाताला धरून शिकवलं रे.”

“मला काय वाटेल ते बोला भाऊ. पण घरी जाऊन वहिनींना बोलू नका.”

“तिचं नाव घेऊ नकोस.”

खुंटीला नाथाची कामाची पिशवी होती. शिवरामने ती ओढून उलटी केली. चंद्रभागेच्या नावाने पत्ता लिहिलेली आणखी चार-पाच कार्डं बाहेर पडली, आणि त्यांच्यासोबत एक चतकोर कागद. घडी उलगडताच त्याने अक्षर ओळखलं. त्याला भिंग लागलं नाही.

‘नाथाभाऊ, मी दुपारची शेजारी मालूकडे जेवते, माझी काळजी नसावी. यांना आता चार पोळ्या पुरत नाहीत. काल आपणहून दाढी केली, चालताना गुणगुणत होते. पुढचं गाव जरा जवळचं द्या. कसाऱ्याहून टाकलंत तर हे घाटसुद्धा चढून जातील.’